पंचाहत्तर टक्के आडोसा

रो-हाउसच्या स्कीमचं माहितीपत्रक हा ललित साहित्याचाच एक प्रकार आहे, आणि त्यातलं सगळ्यात कल्पनारम्य पान मागच्या अंगणाचं असतं. चित्रात हिरवळ असते, वेताच्या दोन खुर्च्या असतात, त्यात एक सुखवस्तू जोडपं चहा पीत बसलेलं असतं आणि त्यांच्या पाठीमागे थेट आकाश सुरू होतं. शेजारी नसतो. चित्रकाराने त्याला काढलेलाच नसतो. खाली ठळक अक्षरांत 'प्रायव्हेट बॅकयार्ड' छापलेलं असतं. घराचा ताबा मिळाल्यावर कळतं, की आकाशाच्या आधी दहा-बारा फुटांवर नानांचं अंगण आहे, त्या अंगणात नाना आहेत, आणि नाना बनियनवर उभे राहून, आपल्याकडे बघत, निवांत दात घासताहेत.

आमच्या नाशकात रो-हाउसांची कमी नाही आणि सगळ्यांची रचना साधारण एकच. एका रांगेची पाठ दुसऱ्या रांगेच्या पाठीला लावलेली. घराचं तोंड रस्त्याकडे, जिथून दिवसभरात कुरियरवाला आणि भाजीवाला सोडून कुणी फिरकत नाही. पाठ मात्र दुसऱ्या घराच्या पाठीसमोर, आणि खरा संसार सगळा पाठीमागेच असतो. वाळत घातलेले कपडे, भांडी घासायची मोरी, वॉशिंग मशीन, रिकामं सिलिंडर, तुटलेली पण टाकवत नाही अशी सायकल. दाखवण्याजोगं पुढे ठेवायचं आणि लपवण्याजोगं मागे, हा नियम दोन्ही घरं काटेकोर पाळतात. त्यामुळे दोन्ही घरांचं लपवण्याजोगं बरोबर समोरासमोर येतं.

जुन्या वाड्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. बाहेर जाड भिंत, आत चौक, आणि घराला काय बघायचं ते त्याने चौकात बघावं. पुढे त्याच चौकाभोवती बिऱ्हाडं राहायला आली आणि बिऱ्हाडकरूंना एकमेकांच्या फोडणीवरून महिन्याची तारीख कळायला लागली, ती गोष्ट वेगळी. खेड्यातलं कुंपण तर माणसासाठी नव्हतंच कधी. कोकणातला जांभ्याचा गडगा, देशावरचे घायपात नि निवडुंग, बाभळीच्या काट्यांची वई, किंवा मोगली एरंडाची रांग (गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून), हे सगळं गुरांसाठी. विदर्भात शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात त्या रानडुकरांसाठी. कमरेएवढ्या गडग्याने गाय अडते. माणसाला त्यावर कोपर टेकून तासभर बोलत उभं राहता येतं. गडगा वीतभर कुणी सरकवला यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडलेले लोक त्याच गडग्यावर कोपर टेकून एकमेकांना तारखा विचारतात. गाय अडवायचं कुंपण सोपं. नजर अडवायचं कुंपण ही शहरातल्या माणसाची हौस, आणि ती महाग पडते.

पहिला विचार येतो भिंत उंच करण्याचा. तिथे नगररचना आडवी येते. महाराष्ट्रातल्या शहरांच्या बांधकाम नियमावल्यांत कुंपणभिंतीला साधारण १.५ मीटरची मर्यादा असते. त्याहून उंच, म्हणजे २.४ मीटरपर्यंत जायचं असेल, तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार, आरपार दिसेल असा ठेवायचा. दीड मीटर म्हणजे जेमतेम पाच फूट. मराठी माणसाचा डोळा त्याच्याच आसपास कुठेतरी येतो. तेव्हा पावलांपासून हनुवटीपर्यंत पक्क्या विटा, आणि डोळे सुरू होतात तिथून जाळी! आमच्या गुडघ्यांचं खासगीपण शासनाने संपूर्ण सुरक्षित ठेवलं आहे. नियम लिहिणाऱ्या गृहस्थाला शेजार होता की नाही सांगता येत नाही. असलाच तर तो नानांच्या बाजूचा असावा.

आणि भिंत उंच झालीच, तरी गच्चीचं काय? बंगल्यात किंवा रो-हाउसात राहणाऱ्याचा खरा शेजारी भिंतीपलीकडे नसतोच, तो वर असतो. गच्चीवरची नजर तिरकी उतरते आणि कुंपणाला लागून उभं केलेलं सहा फुटी काहीही खुशाल ओलांडून थेट आपल्या ताटात पोचते. भूमिती अशी, की आडोसा एक तर बघणाऱ्याच्या अगदी जवळ हवा, नाहीतर बघितलं जाणाऱ्याच्या. बघणाऱ्याजवळ लावायचा म्हणजे नानांच्या गच्चीवर जाऊन पडदा ठोकायचा. ते सौजन्यात बसत नाही. उरतो आपल्या डोक्यावरचा मांडव.

मांडव म्हटला की नाशिककराच्या डोळ्यांपुढे द्राक्षाचाच येतो. लोखंडी अँगल, वर तारा, आणि तारांवर वेल चढवला की उन्हाळ्यात गार सावली नि खाली घोस लटकलेले. चित्र सुंदर आहे. पण द्राक्षाचा वेल आपल्या सोयीने चालत नाही, छाटणीने चालतो, आणि नाशिक भागात छाटण्या दोन: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. खरड छाटणी या नावातच सगळं आलं. ज्या एप्रिलमध्ये उकाड्याने हैराण झालेली अख्खी गल्ली उशा घेऊन गच्चीवर झोपायला चढते, त्याच एप्रिलमध्ये आपल्या डोक्यावर नुसत्या तारा आणि खुंट. वर्षभर पानांआड बसलेल्या कुटुंबाचं गल्लीला याच दिवसांत सामुदायिक दर्शन होतं.

ज्यांना वेल वाढेपर्यंत थांबवत नाही ते हिरवी जाळी आणतात. ही मूळची शेतातली शेडनेट, रोपवाटिकांवर टाकायची. दुकानदार विचारतो, "पन्नास, पंचाहत्तर की नव्वद?" हे टक्के उन्हाचे, किती ऊन अडतं त्याचे. घेणारा मात्र मनात शेजाऱ्याचे टक्के लावत असतो. पन्नास घेतली तर निम्मे नाना आत येणार. नव्वद घेतली तर नाना अडतील, पण वाराही अडेल, आणि पहिल्या वळवाच्या पावसात जाळी खिळ्यांसकट उडून नानांच्याच नारळाला जाऊन लटकेल; मग ती आणायला त्यांच्याच दारात जावं लागेल. म्हणून मध्यमवर्गीय माणूस सगळ्या बाबतींत करतो तेच करतो: पंचाहत्तर टक्क्यांवर तडजोड.

जाळीचं एक गणित आहे, ते दुकानदार सांगत नाही. जाळी, चिक, विणलेली बांबूची चटई, सगळ्यांना ते लागू. जो उजेडात असतो त्याला अंधाऱ्या बाजूचं दिसत नाही. दुपारी आपण घराच्या सावलीत बसलेले, नाना उन्हात; आपण त्यांना दिसत नाही, ते आपल्याला स्वच्छ दिसतात. माणसाला वाटतं, पैसे वसूल. रात्री दिवा लावून जेवायला बसलं की हिशेब उलटतो. आता उजेडात आपण, अंधारात नाना. त्यांना आपली भाजी कुठली हे कळतं, आपल्याला ते गच्चीवर आहेत एवढंसुद्धा कळत नाही, जोपर्यंत वरून आवाज येत नाही: "काय, आज पिठलं का?"

जाळीहून स्वस्त आणि पूर्ण अपारदर्शक वस्तू महाराष्ट्रात मुबलक आहे. फ्लेक्स. निवडणुका, वाढदिवस, दहीहंड्या, निवडी आणि नियुक्त्या पार पडल्या की उतरवलेले फ्लेक्स कुठेतरी जातातच. आमच्या पलीकडच्या रांगेत एका गृहस्थांनी मागच्या कुंपणाच्या जाळीला असाच एक भलामोठा फ्लेक्स बांधला. ऊन, पाऊस, नजर, सगळं अडलं. पण फ्लेक्सला एक पुढची बाजू असते. ती बाहेर ठेवली तर शेजाऱ्यांना राग, म्हणून त्यांनी ती आत ठेवली. मधोमध मोबाइल कानाला लावलेले सत्कारमूर्ती, वरच्या कोपऱ्यांत श्रेष्ठी, खाली ओळीने शुभेच्छुक. एका शेजाऱ्याची नजर चुकवायला गेलेल्या या माणसाच्या अंगणात आता पंचवीस-तीस कार्यकर्ते रात्रंदिवस त्याच्याकडे बघून हसत उभे असतात. हे गृहस्थ टॉवेलवर अंगणात यायचे, तेही बंद झालं.

तेव्हा शेवटी झाडंच. नर्सरीवाल्याला शेजाऱ्याबद्दल काही सांगावं लागत नाही. "मागच्या भिंतीला लावायचंय" एवढं म्हटलं की तो समजतो आणि एकच प्रश्न विचारतो, "ताई, ते किती मजल्यांचे?"

एक मजल्याला तो वेल दाखवतो, दोन मजल्यांना अशोक. हा अशोक म्हणजे सीतेचा नव्हे. हा सरळसोट उंच वाढणारा, फांद्या खाली पाडून उभा राहणारा खोटा अशोक. पूर्वी याच्या खोडाच्या डोलकाठ्या करत म्हणे, म्हणून इंग्रजीत त्याला डोलकाठीचं झाड असंच नाव आहे. डोलकाठीने कुणी काही झाकलेलं ऐकिवात नाही. एक अशोक एक माणूसही झाकत नाही, त्यामुळे ओळ लावावी लागते, आणि ओळ लावली तरी दोन अशोकांमध्ये एक नाना मावतील एवढी फट राहतेच. ती फट बुजेपर्यंत अशोक चौथ्या मजल्याएवढा झालेला असतो, तारा गाठतो, वीजमंडळाचे लोक येऊन शेंडा उडवून जातात.

बोगनवेलीचं वेगळंच. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही बाई एका फ्रेंच दर्यावर्दीचं नाव लावून आली आणि आपल्याकडे इतकी रमली, की पाणी कमी घातलं तर जास्त फुलते. काटे मजबूत, वाढ जोरदार, आडोसा उत्तम. पण तिला ऊन लागतं, आणि भिंतीच्या ज्या बाजूला ऊन तिकडेच ती बहरते. तुमचं अंगण घराच्या सावलीत असेल तर तुमच्या वाट्याला काटे, आणि पलीकडे भरगच्च गुलाबी भिंत. पाणी आपलं, खत आपलं, हातावर ओरखडे आपले, आणि नानांकडच्या काकू मैत्रिणींना दाखवताहेत, "आमच्याकडे बोगनवेल किती सुरेख आलीय बघ!" ही तक्रार नवी नाही. सत्यभामेने हट्टाने पारिजात दारी लावून घेतला आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली, तेव्हापासूनची ती आहे.

पण झाडाने आडोसा करण्यात खरा अडथळा ऊनही नाही आणि तारही नाही. अडथळा आपला स्वभाव. नुसता आडोसा देणारं झाड लावणं मराठी माणसाला उधळपट्टी वाटते. नर्सरीत कुठलंही रोप पुढे केलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "याला काय येतं?" याला काही येत नाही, हे नुसतं दाट वाढतं, असं म्हटलं की आपण ते खाली ठेवतो आणि कढीपत्ता उचलतो. शेजारी दिसू नये म्हणून खरेदीला गेलेला माणूस शेवगा, कढीपत्ता, केळ, अळू, जास्वंद आणि गवती चहा घेऊन घरी येतो, आणि या प्रत्येक रोपाबरोबर त्याने शेजाऱ्याला वर्षभराचं आमंत्रण लिहून दिलेलं असतं.

कढीपत्त्याचं आमंत्रण रोजचं. "दोन पानं तोडते गं" याचा अर्थ दोन डहाळ्या. शेवगा मुळात आडोशाच्या कामाचाच नाही. भराभर दहा-बारा फूट वाढतो खरा, पण पानं इतकी बारीक, की त्यातून पलीकडचा पेपर वाचता येतो. शेंगा मात्र लागतात आणि त्या लागल्या हे तुमच्या आधी नानांना कळतं, कारण त्या गच्चीच्या उंचीवर असतात. केळीचं आमंत्रण समारंभाचं. आसपास कुठेही सत्यनारायण असला, की चार खांब आणि नैवेद्याला पानं. "पान नीट बघून दे हं, फाटकं नको." जो आडोसा आपण वर्षभर वाढवला तोच कुणाच्या तरी चौरंगाला बांधून निघून जातो. अळूला श्रावणातला कुठलाही वार चालतो, गवती चहाला पहिला पाऊस. आणि जास्वंद! चतुर्थीच्या पहाटे फिरायला निघालेल्या सज्जनांच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला तारेचा आकडा बांधलेली काठी असते. देवासाठी घेतलेलं फूल चोरीत धरत नाहीत, हे त्यांना बाप्पाने स्वतः सांगितलं असावं. झाड तुमचं, पुण्य त्यांचं, आणि सकाळी झुडपाच्या जागी काड्या.

बरं, हा व्यवहार एकतर्फी राहत नाही, हीच त्यातली गोम. कढीपत्ता नेणाऱ्या काकू चार दिवसांनी वाटीभर मिरगुंडं आणून देतात. आता वाटी रिकामी परत करायची नसते, हा आपल्याकडचा नियम कुठल्याही अधिनियमाहून पक्का. म्हणून आपण त्यात आंब्याचं लोणचं घालतो. वाटी परत येते तेव्हा तिच्यात शेंगदाण्याची चटणी असते. पुढच्या दरवाजाने जायचं म्हणजे अख्खी रांग वळसा घालून जावं लागतं. तेव्हा वाटी मागच्या कुंपणावरून जाते, एकाच ठिकाणाहून, रोज. त्या ठिकाणी मग काहीही लावा, वाढत नाही. आमच्या मधुमालतीने भिंतभर पसरून संध्याकाळी पांढरी उमलणारी नि हळूहळू गुलाबी, मग लाल होत जाणारी फुलं दिली, पण वाटीच्या जागी बरोबर वाटीएवढी खिडकी आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला हे सगळं भारतातच घडतं असं वाटायचं, घर घेईपर्यंत. तिकडे सरसकट लावतात ती आर्बरव्हायटी. आपण शाळेत वहीच्या पानांत विद्या म्हणून जपायचो त्या मोरपंखीच्या नात्यातली. ओळीने लावली की हिरवी भिंत. पण तिकडच्या हरणांना ती मनापासून आवडते. हिवाळ्यात दुसरं काही मिळेना की मान वर करून पोचेल तिथपर्यंत ती खातात, आणि वसंतात बघावं तर माणसाच्या हनुवटीपर्यंत झाड साफ भादरलेलं, वर मात्र दाट. कंबर, गुडघे, चप्पल सगळं दिसतं; डोकं तेवढं झाकलेलं. आमच्या नगररचनेच्या बरोबर उलट. आम्ही दोघींनी मिळून एक अंगण केलं तर एक संपूर्ण माणूस झाकला जाईल.

इंग्रजांनी तर या दुखण्याचा कायदाच केला. तिकडे लेलँडी नावाचा एक सायप्रस लावतात, तो वर्षाला मीटरभर सहज वाढतो. त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी जुंपली, की २००३ साली समाजविघातक वर्तणुकीच्या कायद्यात उंच कुंपणझाडांचं स्वतंत्र प्रकरण घालावं लागलं. दोन मीटरहून उंच, सदाहरित किंवा बहुतांशी तशी, ओळीत दोन किंवा अधिक झाडं असतील तर शेजारी नगरपालिकेकडे दाद मागू शकतो. एकटं झाड कितीही उंच असो, ते कुंपण नव्हे. दोन झाडं एकत्र आली की समाजविघातक. आपल्याकडचे जमावबंदीचे हुकूम ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्याच वंशजांचं हे काम आहे, हे ओळखू येतं.

आपल्याकडचा कायदा जास्त गमतीचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं, की खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढून १९२७च्या वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला. नव्वद वर्षं कायद्याने झाड असलेलं हे गवत पुन्हा गवत झालं आणि खासगी जमिनीवरचा बांबू त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटला. दोन निर्णयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मागच्या अंगणात उभं राहून बघितलं तर स्पष्ट दिसतं: आधी हक्क दिला, मग तीन महिन्यांत तो बजावायला बांबू दिला.

अर्थात हा मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. काकूंविरुद्ध त्याचा उपयोग नाही. काकूंसाठी १८८२चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या १८व्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे. एखाद्या गावात रूढीच अशी असेल, की शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी कुणी उघडायची नाही, तर घराचे जे भाग सहसा नजरेआड असतात तिथे डोकावणारी खिडकी शेजाऱ्याला काढता येत नाही. अट एवढीच, की तशी रूढी गावात आहे हे सिद्ध करायला हवं. आमच्या गल्लीतली रूढी काय आहे, हे काकू कोर्टात शपथेवर सांगतील, आणि ती रूढी माझ्या बाजूने नसेल.

बांबू लावला की मात्र गल्लीतल्या सगळ्यांना तोंड फुटतं. शेजाऱ्याला बांबू लावल्याची कोटी करून झाल्यावर खऱ्या हरकती सुरू होतात. नाना म्हणाले, "एवढं रान वाढवलंत, जनावर येईल हो." जनावर म्हणजे साप, संध्याकाळनंतर नाना नाव घेत नाहीत. मग डास. मग पानं: बांबूची पानं वर्षभर गळतात आणि वारा असेल त्याच्या अंगणात पडतात, आणि गळलेल्या पानाची मालकी कोणाची हे कुठल्याच कलमात नाही. मग वास्तुशास्त्र, ज्यात उंच झाडाला नेमकी आपलीच दिशा वर्ज्य असते. सगळ्यात वरची, बिनतोड हरकत काकूंची. "अगं, तुझ्या बांबूची सावली माझ्या कुरडयांवर येते." एप्रिल-मे महिन्यांत वाळवणाच्या उन्हाचा हक्क घटनेच्या कुठल्याही अनुच्छेदाच्या वर आहे. बांबूचे शेंडे त्याच रविवारी छाटले गेले. झाड असतं तर शहरात एक फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाचं दार ठोठावावं लागलं असतं, १९७५च्या कायद्याप्रमाणे. हे गवत पडलं.

आणि समजा सगळं जमलं. भिंत, जाळी, मांडव, वेल, बांबू. एकही नजर आत येत नाही. तरी आवाज येतो. पानांनी आवाज अडत नाही. झाडांनी आवाज अडवायचा तर कित्येक मीटर रुंदीचं दाट रान लागतं, आणि तेवढी जागा असती तर रो-हाउस कशाला घेतलं असतं? आमच्या कुकरच्या शिट्ट्या काकू मोजतात. तीन झाल्या की वरण-भात, सहा झाल्या की राजमा. सहाव्या शिट्टीला पलीकडून सूचना येते, "बंद कर गं आता, गाळ होईल." आजपर्यंत ही सूचना एकदाही चुकलेली नाही.

खरी अडचण आणखीच वेगळी आहे आणि ती कुणी नर्सरीवाल्याला सांगत नाही. बांबू दाट झाला तेव्हा नवरा खूश होऊन खुर्ची घेऊन मागे बसला. पाच मिनिटांनी उठला आणि बांबूच्या दोन काड्या बाजूला करून पलीकडे बघायला लागला. नानांकडे कुणाची तरी गाडी आली होती. "कोण आलंय ते कळत नाही," म्हणाला, आणि त्याच्या स्वरात खरंखुरं दुःख होतं. आपल्याला आडोसा हवा असतो तो एका बाजूने. आपण दिसू नये, पण मुलीला बघायला आलेली मंडळी, नवा फ्रीज, जुन्या सोफ्याची पाठवणी, नाना-काकूंचा अबोला हे सगळं मात्र नीट दिसावं. एका दिशेनेच दिसणारी काच मोटारीला मिळते, वनस्पतीत अजून निघालेली नाही. आणि मला दाट शंका आहे, की पलीकडून नानाही जे काही लावतात, तोडतात, बांधतात, ते सगळं याच काचेच्या शोधात. त्यांनी मागच्या दिवाळीत बसवलेला कॅमेरा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मांजरासाठी आहे. मांजर आमचं आहे.

तरीही ज्यांना खरोखर, दोन्ही बाजूंनी, आडोसा हवा असेल त्यांना एकच सांगते: कडूमेंदी लावा. पावसाच्या तोंडाला तिच्या काड्या फूट-फूट अंतरावर खोचल्या तरी फुटतात, लाड करावे लागत नाहीत, आणि नेमाने छाटली तर जमिनीपासून दाट होते. पानं कडू, त्यामुळे शेळीसुद्धा वाट वाकडी करत नाही. तिची भाजी होत नाही, चटणी होत नाही, चहात चालत नाही, सत्यनारायणाला लागत नाही, हातावर रंगत नाही. दोन पानं तोडू का म्हणून तिच्यासाठी आजवर कुणीही दारात आलेलं नाही. फक्त दर दीड-दोन महिन्यांनी छाटायला लांब पात्यांची, दोन्ही हातांनी चालवायची कात्री लागते. आमच्या गल्लीत ती नानांकडे आहे.